मामंजींची दाढी

इंदिरानगर, नाशिक
९ फेब्रुवारी २०२५

चि. उजमा,
अनेक आशीर्वाद.

कर्र... कट्. कर्र... कट्. पितळी सोऱ्याची मूठ फिरली की असा आवाज व्हायचा. नामपूरच्या गच्चीवर चैत्रात पहाटे तो सुरू होई आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या मोजत असे. सोळा आवाजांना एक कुरडई. तुझ्या काकूचा हात कधी पंधरावर थांबला नाही की सतरावर गेला नाही. ओळीतल्या मात्रा मोजाव्यात तसा मी तो हात मोजायचो.

हे आठवायचं कारण, दिवाळीपासून माझा उरलेला कानही गेला. यंत्र लावलं तर नुसती खरखर. बाहेरचे आवाज बंद झाले तसे आतले सुरू झाले. दाराची घंटा ऐकू येत नाही म्हणून वायरमनने हॉलमध्ये लाल दिवा बसवलाय. बाहेर कोणी बटण दाबलं की तो लागतो. दारामागे एक शाळेची पाटी आणि पेन्सिल टांगली आहे. येणाऱ्याने लिहायचं, मी वाचून बोलायचं. फोनचा तर प्रश्नच मिटला. म्हणून हे पत्र.

तुझी काकू जाऊन येत्या सोळा तारखेला वर्ष होईल. लोक विचारतात, कसं वाटतं? काहीच वाटत नाही, हे खरं उत्तर आहे. सकाळी उठतो, दोन पोळ्या खातो, आणि चौथीच्या पुस्तकापासून सातवीपर्यंतच्या कविता मनातल्या मनात चालीवर म्हणतो. तोवर दहा वाजतात. मग पुन्हा चौथी.

काम असं. काकूच्या हाताखाली सात उन्हाळे कुरडया केलेली भागीबाई, घोटीकडची, यंदा स्वतःच्या जोरावर करणार आहे. तिचा माल लोकांपर्यंत पोचावा. तू हाच व्यवसाय करतेस असं तुझ्या अम्मीने, शकीलावहिनींनी, मागे कळवलं होतं: सोशल मीडियावर जाहिरात आणि ते गुगलमध्ये वर आणणं. भागीबाईसाठी करशील का? संपर्काला माझा पत्ता दे, तिची खोली सारखी बदलते.

एक अट. कुरडया वाळताना मोडतात, त्या चुऱ्याची कांदा घालून भाजी करतात. ती सगळीकडेच होते. आमच्या घरी मात्र तिचं नाव ‘मामंजींची दाढी’. माझ्या वडिलांची दाढी तशीच होती, पांढरी आणि गुंतलेली. काकूने नवी नवरी असताना वाढता वाढता हे नाव घेतलं, सगळे गार पडले, आणि वडील स्वतःच हसले म्हणून ते टिकलं. दुसऱ्या कुठल्या घरात ते असणार नाही. त्या नावाचं एक वेगळं पान हवं.

उत्तर लिहिताना मुद्दा आधी, हे विसरू नकोस. मी शेवटी लिहिला, पण मी निवृत्त आहे.

तुझा,
रंगनाथकाका


नामपूर
१७ फेब्रुवारी २०२५

आदरणीय काका,
सलाम आणि नमस्कार.

मुद्दा आधी: करते. पैशांचं बोलू नका, अब्बा असते तर त्यांनी माझा कान धरला असता. एकाच शाळेत तुम्ही दोघांनी बावीस वर्षं खडू झिजवले.

आता समजावते, कारण तुम्ही विचारणारच. इथल्या मार्केटात कांद्याचा लिलाव संपला की रस्त्यावर एकजण हाळी देत फिरतो आणि दुसरा आपल्या गाळ्यावर पाटी लावून बसतो. हाळी ऐकणाऱ्याला काही नको असतं, तो आपला चाललेला असतो, ऐकून थांबतो. पाटी त्याच्यासाठी, ज्याला हवंय आणि जो शोधत आलाय. सोशल मीडिया ही हाळी. गुगल ही पाटी. बहुतेक जण एकच काहीतरी करतात. व्हिडिओ लाखभर लोक बघतात, दुसऱ्या दिवशी त्यातली एखादी बाई नाव आठवून शोधते, तर पाटीच नाही. किंवा पाटी सुरेख आणि त्या गल्लीत कुत्रं फिरकत नाही. मी दोन्ही बांधून घेते. हाळीत जे शब्द, तेच पाटीवर.

म्हणून दोन गोष्टी. एक, कुरडईवर चारशे शब्द लिहून पाठवा. दोन, माझ्याकडे २०२२ चा एक व्हिडिओ आहे. मी आणि अम्मी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा काकूंचे हात घेतले होते, सोऱ्या फिरवताना. चेहरा नाही. मनगटावरचं तुळशीचं गोंदण दिसतं. वापरू का? नको म्हणालात तर वाईट वाटून घेणार नाही.

दाढीचं मात्र राहू द्या, काका. मी तपासलं. ‘कुरडईची भाजी’ हजारो लोक शोधतात. ‘मामंजींची दाढी’ महिन्याला किती? शून्य. अम्मी म्हणाली, “मास्तरांना सांग, गिऱ्हाईक केस निघाला म्हणून ताट फेकेल.”

तुमची,
उजमा


नाशिक
२६ फेब्रुवारी २०२५

चि. उजमा,
आशीर्वाद.

तुझ्या पत्राला दहापैकी आठ. हाळीचा दाखला चांगला. कुत्र्याचे दोन गुण गेले.

निबंध सोबत आहे. शाळेत पन्नासदा सांगितलेला नियम मी स्वतः पाळला आहे: एक शब्द दोनदा येऊ द्यायचा नाही.

व्हिडिओ वापर. त्यात आवाज आहे ना? मला ऐकू येणार नाही, पण तू मोज.

वर्षश्राद्ध झालं. भागीबाई आली होती. पाटीवर लिहिणं तिला जमत नाही म्हणून ती माझ्या तोंडासमोर येऊन ओरडते आणि मी ओठ वाचतो. म्हणाली, “मास्तर, जराशीक रडा. लय आत दाबून ठिवलं की पोट फुगतं.” मी तिला गव्हाचं विचारलं. तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, हे तिला पाठ आहे. निघताना म्हणाली, “तुमचीच दाढी वाढलीय, ती काढा आधी.” आरशात पाहिलं. खरंच वाढली होती.

शून्य म्हणालीस. शून्य असो. पान हवं.

तुझा,
रंगनाथकाका


नामपूर
६ मार्च २०२५

आदरणीय काका,
सलाम.

निबंध अम्मीला वाचून दाखवला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गुगलच्या येणार नाही.

तुम्ही कुरडईला ‘गव्हाचं चांदणं’ म्हणालात, मग ‘उन्हाने विणलेली जाळी’, मग ‘शुभ्र वर्तुळं’, ‘आजीची ठेव’, ‘ताटातली नक्षी’. मी मोजली, अकरा नावं. ‘कुरडई’ हा शब्द पूर्ण चारशे शब्दांत एकदा आलाय, तोही शेवटून दुसऱ्या ओळीत. यंत्राला वाटेल हे विणकामाचं दुकान आहे. काका, ज्याला कुरडई हवी तो ‘कुरडई’ लिहितो. चांदणं लिहीत नाही. तोच शब्द शीर्षकात पाहिजे, पहिल्या ओळीत पाहिजे, मध्ये पाहिजे, व्हिडिओखाली पाहिजे. आणि मुद्दा आधी. बघा, तुमचा नियम गुगललाही माहीत आहे.

चिडू नका. पुन्हा लिहा.

दाढीचं पान लावलंय, तुमच्या हट्टापायी. व्हिडिओखालीही एक ओळ घालते: ‘आमच्या घरी हिच्या चुऱ्याच्या भाजीला मामंजींची दाढी म्हणतात.’ पण का, ते कळलं नाही. काकूंची आठवण म्हणून असेल तर मी त्यांच्या नावाचं छान पान करते, फोटोसकट.

व्हिडिओत मोजले. सोळा.

तुमची,
उजमा


नाशिक
१५ मार्च २०२५

चि. उजमा,
आशीर्वाद.

‘पुन्हा लिहा.’ हे दोन शब्द मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत लिहिले. माझ्या कागदावर पहिल्यांदा आले. बराच वेळ बघत बसलो.

मग सकाळच्या कविता म्हणताना लक्षात आलं. पाचवीतली एक कविता आम्ही चालीवर घ्यायचो. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद. पोरं कडवी पुटपुटायची आणि ध्रुपद आलं की छप्पर उडवायची. मागच्या बाकावरच्या ज्या पोराला एक कडवं येत नसे, त्यालाही ध्रुपद येई. चाळीस वर्षांनी भाजीबाजारात भेटलेला पोरगा ध्रुपदच म्हणून दाखवतो. आणि मी पोरांना शिकवत राहिलो की तोच शब्द परत आणू नका.

तुला हवं आहे ते ध्रुपद. असं सांगितलं असतंस तर एका दिवसात लिहिलं असतं.

नवीन मजकूर सोबत. ‘कुरडई’ नऊ वेळा आली आहे, प्रत्येक कडव्याच्या शेवटी. चांदणं काढलं. काढताना काही वाटलं नाही.

भागीबाईचा पहिला घाणा झाला. सोऱ्या काकूचाच दिला. ती फिरवत होती, मी समोर बसलो होतो. मूठ फिरताना दिसते, आवाज येत नाही. सिनेमाचा आवाज बंद पडल्यासारखं.

काकूच्या नावाचं पान नको. दाढीचं राहू दे. कारण विचारू नकोस.

तुझा,
रंगनाथकाका


नामपूर
१२ एप्रिल २०२५

आदरणीय काका,
सलाम.

मुद्दा आधी: चाललं! व्हिडिओ एक लाख वीस हजार लोकांनी पाहिला. खाली बायका लिहितात, ‘आईचे हात आठवले’, ‘हा आवाज किती वर्षांनी’. आणि खरी गंमत पुढे. व्हिडिओ चालला त्या आठवड्यापासून गुगलवर ‘नाशिक कुरडई’ शोधून आपल्या पानावर येणारे वाढले. हाळी ऐकून थांबले आणि दुसऱ्या दिवशी पाटी शोधत आले. मी व्यापाऱ्यांना घसा फोडून हेच सांगते, आता त्यांना भागीबाई दाखवते. भागीबाईंचा सगळा माल बोलून झालाय ना? दोन बायका मदतीला घेतल्या असं कळलं.

एक बदल केला. दहा तारखेला दाढीचं पान काढून टाकलं. पाच ओळींचं पान, कोणी शोधत नाही, अशी पानं साइटला मागे ओढतात. व्हिडिओखालची ओळ आहे तशीच आहे, तेवढी आठवण पुरे. रागावणार नाही ना?

अम्मी कांद्याच्या ट्रॅक्टरांमुळे दोन तास रस्त्यात अडकून आत्ता आलीय. तुम्हाला सलाम सांगतेय.

तुमची,
उजमा


नाशिक
१८ एप्रिल २०२५

उजमा,

ते पान परत लाव.

रंगनाथ


नामपूर
२३ एप्रिल २०२५

काका,

काल पत्र मिळालं, पाच मिनिटांत पान लावलं. जसं होतं तसं, तुमच्या पत्त्यासकट.

मला वाईट वाटलं. आशीर्वाद नाही, चिरंजीव नाही. सातवीत तुम्ही माझी वही वर्गाबाहेर भिरकावली होती, तेव्हासुद्धा ‘चि. उजमा’ म्हणून भिरकावली होती. आणि या पत्राला गुण देऊ नका.

पान लावताना मागची नोंद उघडली. आधीच बघायला हवी होती, शून्य आहे म्हणून कधी बघितलीच नाही. सहा ते नऊ एप्रिल या चार दिवसांत त्या पानावर गुगलमधून सात वेळा कोणीतरी आलं. काय लिहून शोधलं ते यंत्र दाखवत नाही, फार थोडे लोक असले की लपवतं. पण त्या पानावर दुसरं काही नव्हतंच. गाव इचलकरंजी दाखवतंय. सातही वेळा तेच.

आणि काका, पान काढल्यावरही दोनदा आलं. अकराला आणि चौदाला. ‘पान सापडत नाही’ एवढंच दिसलं असेल.

इचलकरंजीत तुमचं कोण आहे?

अम्मीला विचारलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “मास्तरांना विचार, महेश कुठेय.” मला फक्त एवढं आठवतं की महेशदादा मला सायकलवर पुढे बसवायचा. तो शहरात असतो, एवढंच आम्हाला लहानपणी सांगितलं होतं.

तुमची,
उजमा


नाशिक
२९ एप्रिल २०२५

चि. उजमा,
आशीर्वाद. मागच्या पत्रात राहिले होते, ते धरून दोनदा.

महेश कुठे आहे ते मला माहीत नाही. बावीस वर्षं माहीत नाही.

२००३ साली तो पिंपरीला कारखान्यात लागला. एकवीस वर्षांचा होता. आईला पत्रं लिहायचा. ती अक्षर अक्षर जुळवून वाचायची, पण पत्र मी मोठ्याने वाचून दाखवायचं अशी आमच्या घरची रीत होती. ऑगस्टात चार पानी पत्र आलं. खानावळ, खोलीतले सोबती, मशीनचा आवाज, कोणाची तरी चोरीला गेलेली चप्पल. आणि चौथ्या पानाच्या तळाशी एक ओळ. ‘मला इथे करमत नाही. मी परत येऊ का?’

मी तेव्हा घटक चाचणीचे पेपर तपासत होतो. हातात लाल पेन होतं. त्याच पेनाने पत्र तपासलं आणि खाली शेरा दिला: ‘पसारा फार. मुद्दा अगदी शेवटी. दहापैकी चार. पुन्हा लिही.’ पाकिटात घालून त्याला परत पाठवलं. मला वाटलं, हसेल. शाळेत असे शेरे वाचून तो हसायचा.

तिला वाचून दाखवताना ती ओळ गाळली होती. उगाच रडेल म्हणून.

पुन्हा लिही म्हटलं होतं. त्याने लिहिलं नाही. दिवाळीला मी गेलो तर खोलीत दुसरी पोरं होती. कारखान्यात म्हणाले, सोडून गेला. पेपरात दोनदा नावासकट जाहिरात दिली.

ती दर चैत्रात त्याच्या वाटणीच्या कुरडया वेगळ्या डब्यात भरायची आणि दर चैत्रात एकदा विचारायची, “त्या पत्रात काही लिहिलं नव्हतं ना हो?” मी नाही म्हणायचो. वीस वेळा म्हणालो. शेवटचं दवाखान्यात.

तू मला समजावलं होतंस, गिऱ्हाईक काय लिहून शोधतं. मी तेवढाच विचार करत होतो. रुसून गेलेला माणूस स्वतःचं नाव शोधत नाही, बापाचंही नाही. पण कधी जेवताना आईच्या हातचं काही आठवलं, तर तो ‘कुरडईची भाजी’ लिहिणार नाही. त्याच्यासाठी तिला एकच नाव आहे.

भागीबाईला मी पुढे केलं, हेही तुला कळायला हवं. तिचं भलं झालं, पण मी ते तिच्यासाठी केलं नव्हतं.

हे लिहून झालं. चहा केला, तो प्यायलो.

तुझा,
रंगनाथकाका


नामपूर
८ मे २०२५

आदरणीय काका,
सलाम.

मुद्दा आधी लिहिते, जड आहे तरी. तुमचं पत्र मी अम्मीला वाचून दाखवलं. पूर्ण. एकही ओळ गाळली नाही.

अम्मी म्हणाली, कुसाला, म्हणजे काकूंना, माहीत होतं.

तुम्ही शाळेत असताना पोस्टमनने ते पत्र काकूंच्याच हातात दिलं होतं. त्यांनी दुपारभर बसून अक्षरं जुळवली आणि पाकीट पुन्हा चिकटवून ठेवलं, कारण तुम्ही वाचून दाखवायची रीत होती. संध्याकाळी तुम्ही वाचलंत आणि ती ओळ आली नाही. त्या आमच्या घरी आल्या. अब्बांकडून महेशदादाच्या पत्त्यावर पोस्टकार्ड लिहून घेतलं. काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, “ये, एवढंच लिहा.” तुमच्या पाकिटाच्या मागोमाग ते पोचलं असेल. महिन्याने परत आलं, ‘पत्त्यावर नाही’ असा शिक्का मारून. अम्मीने ते कुराण ठेवायच्या रेहलखालच्या फळीवर ठेवलंय. मला आज दाखवलं. अब्बांचं अक्षर आहे.

अम्मीने तेव्हा विचारलं होतं, मास्तरांना सांगत का नाही? काकू म्हणाल्या होत्या, “ते सांगतील तेव्हा सांगतील. मी विचारत राहीन.”

मला राग आला होता, काका. दोन दिवस तुमचं पत्र उलटं करून ठेवलं. मग आज पुन्हा वाचलं.

इचलकरंजीहून त्या पानावर पुन्हा येणं सुरू आहे. रोज नाही. मी ते आता हलवणार नाही, साइट कितीही मागे गेली तरी. पण पाच ओळींत फक्त भाजी कशी करायची ते आहे. ते तुम्ही नव्याने लिहा. तुम्हाला हवं ते. मी एक शब्द बदलणार नाही. फक्त मुद्दा आधी.

तुमची,
उजमा


नाशिक
१८ मे २०२५

चि. उजमा,
आशीर्वाद.

पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग कविता म्हणायला बसलो. चौथीची पहिली आठवली नाही. पाचवीचीही नाही. खिडकीत बसून राहिलो. भागीबाई आली, मला बघितलं, काही न बोलता स्वयंपाकघरात गेली आणि भाकरी टाकून निघून गेली. तीच ओरडली असती तर बरं झालं असतं.

वीस वेळा विचारलं तिने. वीस वेळा मला वाटत होतं मी तिला वाचवतोय. मला आता रडू यायला हवं, हे कळतं. येत नाही. हाताला मुंग्या येतात तसं सगळ्या अंगाला झालंय.

आठ दिवस लिहितो आणि फाडतो आहे. आधी तीन पानं झाली होती. मग एक. आज सकाळी उरलं ते वेगळ्या कागदावर उतरवून या पाकिटात घालतोय. तेवढंच त्या पानावर लाव:

‘ये.
तुझी आई गेल्या वर्षी गेली. तिने तुझी ओळ वाचली होती. मीही वाचली होती. उत्तर हेच होतं.
मामंजींची दाढी: कुरडयांचा चुरा गरम पाण्यात भिजवून, कांद्याच्या फोडणीवर. गूळ चिमूटभर, कारण तुला आवडतो.’

याला गुण किती, ते

थांब. दिवा लागला.

उजमा, आता दुपारचे सव्वातीन झाले आहेत. पत्र अर्धं टाकून उठलो होतो, ते आता पुढे लिहितो. घडलं तसं क्रमाने लिहायचा प्रयत्न करतो.

दारात एक बाई होती. पस्तीस-अडतिसाची, प्रवासाने चुरगळलेली साडी, खांद्याला पिशवी. मला वाटलं गिऱ्हाईक. मी म्हणालो, “बाई, माल संपला. पुढच्या आठवड्यात या.” ती काहीतरी बोलली. मी कानाकडे बोट दाखवून पाटी पुढे केली.

तिने लिहिलं: कुरडई नको. दाढीचा चुरा आहे का?

मी म्हणालो, “हे नाव तुम्हाला कुठे कळलं?”

तिने पदरानेच पाटी पुसली. लिहिलं: आमच्या घरी हेच म्हणतात. मला वाटायचं ह्यांनीच काढलंय. मग फोनवर ते हात दिसले. खाली तेच नाव. ह्यांना दाखवलं तर उठून बाहेर गेले. जेवले नाहीत.

पुन्हा पुसली: मग मी नाव शोधलं. पान सापडलं. मग एकदम गेलं. मला वाटलं तुम्ही काढून टाकलंत. आम्ही येऊ नये म्हणून.

मी म्हणालो, “त्यासाठी नाही काढलं. चूक झाली होती.” मग विचारलं, “बाई, तुमचं नाव?”

लिहिलं: उज्वला. इचलकरंजी. महेश यांची पत्नी.

मी दाराची कडी धरून उभा होतो. मी तिला आत बोलावलं. तिने चप्पल काढली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही. पाटीची दुसरी बाजू केली, तिथे हळूहळू लिहिलं, लहान मुलं लिहितात तसं एकेक अक्षर सोडवून:

ते कोपऱ्यावर रिक्षात बसलेत. मला म्हणाले, आधी विचारून ये. येऊ का?

मी वाचलं. आत आलो. टेबलावर तुझ्या पत्त्याचं पाकीट होतं. त्यातला कागद काढला आणि तिच्या हातात दिला. म्हणालो, “हा त्याला दे. माझं उत्तर आहे. आधी त्याच्या आईचं होतं.”

तिने उभ्या उभ्या वाचला. वाकून पायाला हात लावला आणि ओठ हलवून एकच शब्द म्हणाली. तो मला वाचता आला, “मामंजी.” मग पळत कोपऱ्याकडे गेली. चप्पल घालायचीही राहिली. ती दारातच आहे.

म्हणून या पाकिटात तो वेगळा कागद तुला मिळणार नाही. वरचा मजकूरही लावू नकोस, तुझं पान आहे तसं राहू दे.

मी दार उघडंच ठेवलंय. दिवा लागायची गरज नको. इथे टेबलापासून फाटक दिसतं. फाटकाशी आता एक माणूस उभा आहे. केस पांढरे झालेत. हातात कागद आहे, तो डोळ्यांजवळ धरून वाचतोय, त्याची आई धरायची तसा.